एमएसमध्ये आजार वाढण्याची भीती मोजताना: तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा दीर्घकालीन आजार, असलेल्या व्यक्तींना आजार वाढत जाण्याची जी भीती वाटते ती मोजायला चिंतेची नेहमीची मापनश्रेणी पुरेल का, की स्वतंत्र प्रश्नावली हवी. बारा प्रश्नांच्या प्रश्नावलीत ३४ किंवा त्याहून अधिक गुण मिळालेल्या प्रत्येकाला मानसोपचारांसाठी पाठवावे का. आणि सहा महिन्यांच्या समुपदेशनानंतर एखाद्याचे गुण चार-पाचने उतरले, तर समुपदेशनाचा उपयोग झाला असे अहवालात लिहिता येईल का. माझी उत्तरे अनुक्रमे ‘स्वतंत्र प्रश्नावली हवी’, ‘नाही’ आणि ‘बहुधा नाही’ अशी आहेत. तिन्हींच्या मुळाशी एकच बाब आहे. या आजारातली भीती बऱ्याच अंशी रास्त असते, आणि रास्त भीतीचे मापन रोगट भीतीच्या मापनासारखे करता येत नाही.

एमएसचा स्वभावच अनिश्चिततेचा आहे. सुमारे ८५ टक्के व्यक्तींमध्ये तो रिलॅप्स, म्हणजे लक्षणांचा अचानक येणारा झटका, आणि त्यानंतरची सुधारणा अशा रूपात सुरू होतो; १० ते १५ टक्के व्यक्तींमध्ये मात्र पहिल्यापासूनच तो हळूहळू वाढत जातो. रिलॅप्सने सुरू झालेल्यांपैकी अनेकांचा आजार पुढे संथपणे वाढणाऱ्या टप्प्यात जातो, आणि रिलॅप्स न येताही अपंगत्व वाढू शकते हे अलीकडच्या काळात अधिक स्पष्ट झाले आहे. समोर बसलेल्या एका विशिष्ट व्यक्तीचे दहा वर्षांनी काय होईल, हे मात्र कोणताही न्यूरॉलॉजिस्ट खात्रीने सांगू शकत नाही. अशा स्थितीत ‘माझा आजार वाढेल का’ हा विचार मनात येणे हे कुठल्याही मानसिक विकाराचे लक्षण नाही. भयगंडात धोक्याच्या मानाने भीती कितीतरी मोठी असते आणि बऱ्याचदा त्या व्यक्तीलाही ते कळत असते. इथे धोका खरा आहे, व्यक्तीला तो ठाऊक आहे, आणि आपण कशाला घाबरतो हेही ती नेमके सांगू शकते. म्हणून भीती आहे की नाही एवढेच नोंदवणाऱ्या मापनाचा फारसा उपयोग नाही. ती कशाची आहे, दिवसाचा किती भाग व्यापते आणि माणसाला काय करायला किंवा टाळायला लावते, हे कळले तर मापनाला अर्थ येतो.

आता पहिला प्रश्न. एमएसच्या क्षेत्रात सर्वाधिक वापरली जाणारी चिंतेची एक श्रेणी म्हणजे १९८३ साली झिगमंड आणि स्नेथ यांनी मांडलेली हॉस्पिटल अँझायटी अँड डिप्रेशन स्केल. तिच्यात १४ विधाने आहेत, सात चिंतेची आणि सात नैराश्याची. प्रत्येक भागाचे गुण ० ते २१ या पल्ल्यात येतात आणि एमएसमध्ये साधारणपणे ८ हा कट-ऑफ, म्हणजे चिंता किंवा नैराश्याची शक्यता धरण्याची सीमा, वापरतात. शारीरिक आजार असलेल्यांसाठीच ती बनवली असल्यामुळे थकवा, झोप, भूक यांसारखी लक्षणे तिच्यातून मुद्दाम वगळलेली आहेत आणि तोच तिचा मोठा गुण आहे. तरीही ‘आपण मंदावल्यासारखे वाटते’ अशा आशयाचे एक विधान नैराश्याच्या भागात आहेच, आणि पायांतला ताठरपणा वाढलेली व्यक्ती त्याला होकार देते तेव्हा ती मनाविषयी बोलते आहे की पायांविषयी, हे गुणांवरून कळत नाही.

पण आपल्या कामाच्या दृष्टीने तिची खरी मर्यादा वेगळी आहे. ही श्रेणी तणाव, अस्वस्थता, काहीतरी भयंकर घडणार आहे अशी जाणीव यांबद्दल विचारते. ती भीती कशाबद्दल आहे हे विचारत नाही. एखादी व्यक्ती एरवी शांत असते, नोकरी करते, हसते-बोलते, आणि फक्त एमआरआयच्या आधीचे तीन आठवडे तिला झोप लागत नाही. त्या तीन आठवड्यांच्या बाहेर तुम्ही ही श्रेणी भरून घेतलीत तर गुण चार किंवा पाच येतील आणि फाइलवर ‘चिंता नाही’ अशी नोंद होईल. उलट, एखाद्याला निदानाच्या कितीतरी आधीपासून सर्वच गोष्टींची काळजी करण्याची सवय असते. त्याचे गुण १३ येतील, आणि त्यात आजाराच्या भीतीचा वाटा किती हे कळणार नाही. या दोघांना लागणारी मदत पूर्णपणे निराळी आहे. म्हणून मी दोन्ही साधने एकत्र वापरण्याचा आग्रह धरते. दोहोंच्या गुणांत मध्यम प्रतीचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी), ढोबळमानाने ०.४ ते ०.६ च्या आसपास, अपेक्षित धरावा. तो ०.८ च्या वर गेला, तर तुमची नवी प्रश्नावली जुनीच गोष्ट नव्या नावाने मोजते आहे अशी शंका घ्यायला हरकत नाही.

स्वतंत्र साधनांपैकी सर्वांत परिचित आहे ती जर्मनीत तयार झालेली फिअर ऑफ प्रोग्रेशन क्वेश्चनेअर. पेटर हेर्शबाख आणि सहकाऱ्यांनी ती २००५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात ४३ विधाने आणि पाच भाग आहेत: भावनिक प्रतिक्रिया, जोडीदार व कुटुंब, व्यवसाय, स्वावलंबन गमावणे, आणि भीतीला तोंड देण्याच्या पद्धती. ती मुळात कर्करोग, मधुमेह आणि संधिवाताचे आजार असलेल्या व्यक्तींच्या आधारे बनवली गेली. २००६ मध्ये तिची १२ विधानांची संक्षिप्त आवृत्ती आली. आधी ती स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये तपासली गेली आणि मग अनेक आजारांत वापरली जाऊ लागली. प्रत्येक विधानाला ‘कधीच नाही’पासून ‘अगदी नेहमी’पर्यंत १ ते ५ गुण असतात, त्यामुळे एकूण गुण १२ ते ६० या पल्ल्यात येतात. संक्षिप्त आवृत्ती पहिल्या चार भागांतून घेतलेली आहे. तोंड देण्याच्या पद्धतींचा पाचवा भाग तिच्यात नाही. ही बाब बरेचदा नजरेतून सुटते आणि मग बारा प्रश्नांच्या गुणांवरून ‘रुग्ण भीतीला चांगले तोंड देतो आहे’ असले निष्कर्ष काढले जातात. ते त्या साधनाच्या कक्षेबाहेरचे आहेत.

ही बारा विधाने एमएसच्या नजरेने वाचली की काही जागी अडखळायला होते. एक विधान भीतीच्या वेळी जाणवणाऱ्या शारीरिक लक्षणांविषयी आहे. मुंग्या, थरथर, तोल जाणे या गोष्टी एमएसमध्ये रोजच्या असल्यामुळे व्यक्ती त्या भीतीच्या खात्यात टाकेल की आजाराच्या, हे सांगता येत नाही. दुसरे एक विधान मुलांना किंवा नातेवाइकांना हा आजार होईल या काळजीविषयी आहे. त्याला एमएसमध्ये वस्तुनिष्ठ संदर्भ आहे: आई किंवा वडिलांपैकी एकाला एमएस असल्यास अपत्याला तो आयुष्यात कधीतरी होण्याची शक्यता साधारण दोन ते तीन टक्के, म्हणजे सर्वसामान्यांपेक्षा जास्त असली तरी एकंदरीने कमीच असते. या विधानावर ५ गुण देणाऱ्या व्यक्तीशी बोलले तर तिच्या मनातला आकडा पुष्कळदा याच्या कितीतरी पट मोठा असल्याचे आढळते. इथे मानसोपचारांच्या आधी अचूक माहिती लागते. औषधांमुळे शरीराला इजा होण्याच्या काळजीचे विधानही तसेच पाहावे. नॅटालिझुमॅब हे एमएसवरचे औषध घेणाऱ्या व्यक्तीला मेंदूच्या एका दुर्मीळ पण गंभीर विषाणुसंसर्गाचा धोका समजावून सांगितलेला असतो आणि त्यासाठी तिची रक्ततपासणी ठरावीक अंतराने होत असते. तिने या विधानाला ४ गुण दिले, तर ती डॉक्टरांचे बोलणे नीट ऐकते आहे एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. शिवाय ही भीती उपचारांची आहे, आजार वाढण्याची नव्हे, आणि दोन्ही एकाच बेरजेत मिसळतात.

जे नाही तेही पाहिले पाहिजे. दृष्टी जाणे, स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग मंदावणे, लघवीवरचा ताबा सुटणे, व्हीलचेअर, एमआरआयचा पुढचा अहवाल यांपैकी कशाचाही बारा विधानांत थेट उल्लेख नाही. एमएस असलेल्या व्यक्तींशी मोकळेपणाने बोलले की मात्र याच गोष्टी आधी येतात, आणि त्यांतही लघवीची गोष्ट विचारल्याशिवाय फार थोडे जण काढतात. इराणमधील संशोधकांनी २०२० मध्ये रिलॅप्स-सुधारणा प्रकारच्या एमएससाठी खास रिलॅप्सच्या भीतीची मापनश्रेणी प्रसिद्ध केली, ती ही उणीव काही प्रमाणात भरून काढते. पण तिचा विषय अचानक येणारा रिलॅप्स हा आहे. ज्यांचा आजार सुरुवातीपासून संथपणे वाढतो आहे त्यांना ‘रिलॅप्स आला तर’ असे विचारण्यात अर्थ नाही. अचानक कोसळण्याची भीती आणि हळूहळू घसरण्याची भीती यांचा पोत वेगळा असतो: पहिली भीती व्यक्तीला सतत सावध ठेवते, दुसरी तिला भविष्याचे बेत आखण्यापासूनच परावृत्त करते. तुमच्या गटात दोन्ही प्रकारचे रुग्ण असतील तर त्यांची सरासरी एकत्र काढू नका.

याच कारणासाठी, प्रश्नावली कोणतीही निवडली तरी वापरण्यापूर्वी आठ-दहा जणांसमवेत ती मोठ्याने वाचण्याचे काम करावे असे मी सुचवीन. प्रत्येक विधानानंतर ‘हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर नेमके काय आले’ एवढेच विचारायचे. ‘आजार वाढणे’ या शब्दांनी एकाला पुढचा रिलॅप्स दिसतो, दुसऱ्याला काठी, तिसऱ्याला नोकरी सुटणे, तर कुणाला एमआरआयवरचा नवा ठिपका, ज्याचे कोणतेही लक्षण त्याला जाणवलेले नाही. विधान एकच असूनही चौघे चार वेगवेगळ्या गोष्टींना गुण देत असतील तर पुढचे सारे संख्याशास्त्र त्या गोंधळावर उभे राहते. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणलेल्या आवृत्तीसाठी तर ही पायरी अनिवार्यच समजावी. दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, उलट भाषांतर आणि मूळ कर्त्यांची परवानगी हा क्रम सर्वांना माहीत असतो, पण कागदोपत्री तो पूर्ण करून रुग्णांसोबतचे वाचन गाळले जाते, आणि खऱ्या चुका तिथेच सापडतात.

दुसरा प्रश्न ३४ या आकड्याचा. संक्षिप्त आवृत्तीसाठी ३४ किंवा अधिक गुण म्हणजे बाधक पातळीची भीती, असा निकष कर्करोगाच्या क्षेत्रात बराच रूढ आहे. दुसरा एक निकष म्हणजे बारापैकी निम्म्या, म्हणजे किमान सहा विधानांवर ४ किंवा ५ गुण असणे. दोन्ही निकष सोयीचे आहेत. पण एमएसमध्ये ते मुलाखतीवर आधारित निदानाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांना निदानाचे वजन देऊ नये. केवळ अंकगणित पाहा. एका व्यक्तीने बाराही विधानांवर ‘कधीकधी’ असे उत्तर दिले तर तिचे गुण ३६ होतात आणि ती रेषेच्या वर जाते. दुसरीने पाच विधानांवर ‘अगदी नेहमी’ आणि उरलेल्या सातांवर ‘कधीच नाही’ असे लिहिले तर २५ अधिक ७, म्हणजे ३२ होतात. ती रेषेखाली राहते आणि सहा विधानांच्या निकषातही बसत नाही. आता ही पाच विधाने परावलंबन, काम आणि कुटुंब यांविषयीची आहेत आणि तिने त्यापायी नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला आहे अशी कल्पना करा. माझ्याकडे भेटीची एकच वेळ शिल्लक असेल तर तो मी दुसऱ्या व्यक्तीला देईन. पहिलीची भीती विस्तृत पण सौम्य आहे, आणि कदाचित कुणाचीही असावी तितकीच आहे.

म्हणून एकूण गुणांपेक्षा उत्तरांचा आकृतिबंध वाचा, आणि प्रश्नावलीच्या खाली आपले तीन साधे प्रश्न जोडा. गेल्या आठवड्यात या विचारांत रोज अंदाजे किती वेळ गेला? या भीतीमुळे तुम्ही काय करायचे सोडले? आणि या भीतीमुळे तुम्ही काय वारंवार करू लागला आहात? तिसऱ्या प्रश्नाला मिळणारी उत्तरे सर्वांत बोलकी असतात. रोज सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचणारे, घरातल्या फरशीवर सरळ रेषेत चालून तोल तपासणारे, अंगाला मुंग्या आल्या की दर वेळी डॉक्टरांना संदेश पाठवणारे लोक भेटतात. तपासण्याने क्षणभर दिलासा मिळतो आणि शंका पुन्हा उगवते. हे चक्र भीतीला पोसत राहते. उष्णतेमुळे लक्षणे तात्पुरती वाढणे, ज्याला विल्हेल्म ऊटहॉफ यांच्या नावाने ओळखतात, हा इथला नेहमीचा सापळा आहे. व्यायामाने अंग तापले, नजर धूसर झाली, आणि थंड झाल्यावर ती पूर्ववत झाली. पण व्यक्तीने त्याचा अर्थ ‘रिलॅप्स’ असा लावला आणि व्यायाम कायमचा सोडला. रिलॅप्स म्हणण्यासाठी नवी किंवा वाढलेली लक्षणे किमान २४ तास टिकावी लागतात आणि त्यांना ताप किंवा संसर्ग यांसारखे दुसरे कारण नसावे लागते, हे तिला कुणी नीट सांगितलेले नसते. प्रश्नावलीत या व्यक्तीचे गुण मध्यमच दिसतील, कारण व्यायाम टाळल्यामुळे तिला भीतीचा सामना करावाच लागत नाही.

हाच नियम कमी गुणांनाही लागू आहे. १४ किंवा १५ गुण म्हणजे समाधानाने जुळवून घेणे असू शकते, तसेच विषयच मनात येऊ न देणेही असू शकते. एमआरआयचा लिफाफा न उघडणारी, भेटीची तारीख सलग पुढे ढकलणारी, ‘मला काही होत नाही’ म्हणून औषध बंद करणारी व्यक्ती प्रश्नावलीत सर्वांत निर्भय दिसते. गुण आणि वर्तन यांत विसंगती दिसली, तर वर्तनावर विश्वास ठेवा.

मापनाची वेळ आणि रीत यांविषयी पाठ्यपुस्तकांत थोडेच सापडते, आणि प्रत्यक्षात बिघाड तिथेच होतो. रिलॅप्ससाठी मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सहसा रोज १ ग्रॅम या मात्रेत तीन ते पाच दिवस देतात. त्या दिवसांत झोप उडणे, मन उल्हसित किंवा चिडचिडे होणे हे औषधाचे परिणाम असतात. तेव्हा भरलेली प्रश्नावली मी बाजूला ठेवते आणि काही आठवड्यांनी पुन्हा घेते. एमआरआयच्या आदल्या दिवशीचे गुण आणि चांगला अहवाल हातात पडल्यानंतरचे गुण यांची तुलना करून उपचारांचे श्रेय घेणे तर उघडच चुकीचे आहे. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतले गुणही असेच फसवे असतात, कारण त्या काळात ते शिखरावर असतात आणि कोणी काहीही केले नाही तरी अनेकांचे थोडे खाली येतात.

भरून घेण्याची रीतही आजाराशी जुळवून घ्यावी लागते. एमएस असलेल्यांपैकी साधारण ४० ते ६५ टक्के व्यक्तींमध्ये बौद्धिक प्रक्रियांवर काही ना काही परिणाम आढळतो, विशेषतः माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग कमी होतो. ४३ विधानांची पूर्ण आवृत्ती दुपारच्या थकव्यात दिली तर शेवटच्या पंधरा विधानांवर सरळ रेषेत खुणा केलेल्या दिसतात. सकाळची वेळ, मोठी छापील अक्षरे, हात थरथरत असेल तर वाचून दाखवून उत्तर नोंदवणे या सोयी कराव्यात; मात्र कोणाला कोणती सोय दिली हे लिहून ठेवावे, कारण समोर माणूस असताना लोक भीती थोडी कमी करून सांगतात. जोडीदाराला त्या वेळी खोलीबाहेर बसण्याची विनंती करावी. कुटुंबाविषयीची विधाने जोडीदारासमोर प्रामाणिकपणे भरली जातील ही अपेक्षा अवाजवी आहे. नोकरीविषयीची दोन विधाने निवृत्त झालेल्या किंवा आजारामुळे काम सोडलेल्या व्यक्तींना लागू होत नाहीत. ती रिकामी राहिल्यास उरलेल्यांची सरासरी घेऊन बेरीज पूर्ण करायची की नाही, आणि किती रिकाम्या जागांपर्यंत, हा नियम माहिती गोळा करण्यापूर्वी ठरवावा.

आता तिसरा प्रश्न, चार-पाच गुणांच्या घटीचा. कोणत्याही मापनात त्रुटी असते आणि तिचा आकार काढता येतो. समजा, तुमच्या गटात गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा त्यांचा विखुरलेपणा, ९ आहे आणि दोन आठवड्यांच्या अंतराने केलेल्या पुनर्चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे दोन्ही वेळचे गुण जुळण्याचे ० ते १ मधील प्रमाण, ०.८५ आहे. एकमधून ०.८५ वजा करून उरलेल्या ०.१५ चे वर्गमूळ सुमारे ०.३९ येते, त्याला ९ ने गुणले की मापनाची प्रमाण त्रुटी साधारण ३.५ गुण. दोन वेळच्या मापनांतील फरक पाहायचा असल्याने तिला २ च्या वर्गमुळाने आणि १.९६ ने गुणावे लागते. उत्तर ९.७ येते. म्हणजे एकट्या व्यक्तीचे गुण सुमारे दहाने बदलल्याशिवाय तो बदल निव्वळ चढउतार नाही असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येत नाही. विश्वसनीयता ०.९० असती तरी हा आकडा ८ च्या आसपासच राहिला असता. इथे क्रॉनबाखचा अल्फा वापरण्याचा मोह टाळावा. विधाने एकमेकांशी किती जुळतात हे तो सांगतो. आज आणि पंधरा दिवसांनी गुण किती स्थिर राहतात हे नाही. पुनर्चाचणीही अशाच व्यक्तींमध्ये घ्यावी ज्यांना मधल्या काळात रिलॅप्स, एमआरआय किंवा उपचारांतला बदल यांपैकी काही झालेले नाही.

पूर्ण गटाच्या सरासरीची गोष्ट वेगळी आहे. पुरेसे लोक असतील तर चार गुणांचा सरासरी फरकही संख्याशास्त्रीयदृष्ट्या स्पष्ट दिसू शकतो. पण समुपदेशन न मिळालेला तुलनेचा गट नसेल, तर वर सांगितलेली नैसर्गिक घसरण आणि समुपदेशनाचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत. त्यातच तुम्ही जास्त गुण असलेल्यांनाच निवडले असेल, तर दुसऱ्या वेळी त्यांची सरासरी आपोआप खाली येणारच.

अपंगत्व वाढले की भीती वाढेल, हे गृहीतकही तपासून घ्या. ईडीएसएस ही एमएसमधील अपंगत्व मोजणारी कुर्ट्झके यांची १९८३ पासून रूढ असलेली श्रेणी ० ते १० अशी जाते आणि तिच्या मधल्या पल्ल्यापासून पुढे चालण्याला फार महत्त्व आहे. भीतीचा तिच्याशी सरळ रेषेतला संबंध मला दिसत नाही. ईडीएसएस १ असलेली, बाहेरून पूर्णपणे निरोगी दिसणारी तरुण व्यक्ती सर्वाधिक घाबरलेली असू शकते, कारण गमावण्यासारखे सारे तिच्यापुढे आहे आणि पुढचे काही ठाऊक नाही. ज्याची भीती होती ती व्हीलचेअर एकदा घरात आली की काहींचे गुण उतरतात. त्यांचे धैर्य वाढले असेल, किंवा मोजपट्टीचा अर्थच त्यांच्यासाठी बदलला असेल, किंवा भीतीची जागा दुःखाने घेतली असेल. दुःख ही प्रश्नावली मोजत नाही. म्हणून भीतीचे गुण अचानक उतरलेल्या व्यक्तीला नैराश्याविषयी आणि जगणे नकोसे वाटते का याविषयी स्पष्ट शब्दांत विचारा. एमएसमध्ये आत्महत्येचा धोका सर्वसामान्यांपेक्षा जास्त असतो, आणि विचारल्याने तो वाढत नाही.

तुमच्या अहवालासाठी मी पुढीलप्रमाणे करीन. प्रत्येक नोंदीसोबत भरल्याची तारीख, शेवटचा रिलॅप्स, शेवटचा आणि पुढचा एमआरआय, स्टिरॉइड घेतले असल्यास कधी, सध्याचे औषध, ईडीएसएस आणि प्रश्नावली कोणी भरली हे लिहीन. दहाहून अधिक गुणांनी उतरलेल्या, तितकेच चढलेल्या आणि मध्ये राहिलेल्या व्यक्तींची संख्या स्वतंत्रपणे देईन, सरासरी त्यानंतर. ३४ ची रेषा दाखवायची असल्यास तिला ‘पुढील मुलाखतीसाठी निवड’ एवढेच नाव देईन. आणि ज्यांचे गुण जेमतेम बदलले, पण ज्यांनी सोडलेला व्यायाम पुन्हा सुरू केला किंवा रोजची डोळ्यांची तपासणी थांबवली, त्यांची नोंद वेगळ्या तक्त्यात ठेवीन. समुपदेशनाने काही घडले असेल, तर ते त्या तक्त्यात दिसण्याची शक्यता मला अधिक वाटते.